दोन मापांना एक

रेशनचा तांदूळ चंद्रभागेच्या घरात यायचा, पण चुलीपर्यंत जायचा नाही. दाराच्या आत भिंतीला टेकून पोतं उभं राहायचं आणि संजीवचा टेम्पो आला की त्याच दारातून बाहेर पडायचं. सून रूपा त्यातला थोडा आधीच काढून ठेवायची, आपल्या तान्ह्या लेकीच्या मऊ भातासाठी आणि सणासाठी. बाकीच्याचा जोंधळा व्हायचा.

धारवाडहून अळणावरला जाताना रस्त्याच्या डाव्या अंगाला ती वस्ती होती. एकच गल्ली. सगळी घरं दुसऱ्यांच्या उसात राबणाऱ्यांची. स्वतःची जमीन कुणालाच नव्हती, त्यामुळे धान्य यायचं ते रेशनचं किंवा बाजारचं. संजीव नवलगुंदकडच्या काळ्या रानातला जोंधळा टेम्पोतून आणायचा, भर दुपारी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवायचा आणि तांदळाच्या दोन मापांना जोंधळ्याचं एक माप द्यायचा. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"अण्णा, माप हलवू नको. शीग पडतीया," शेजारची वेणूबाई त्याच्या मनगटावर नजर ठेवून म्हणायची.

"अक्का, शीग तुझीच. पडली तर पदर धर."

"पदर धरायला तू काय नवरदेव लागून गेलास?"

बायका हसायच्या. संजीव शीग आणखी उंच करायचा आणि वरून घसरलेले दाणे वेणूबाईच्याच परातीत लोटायचा. चंद्रभागेला त्याचं माप आवडायचं. किराणा दुकानदार माप सपाट करण्यासाठी पट्टी फिरवतो, तशी त्यानं कधी फिरवली नव्हती.

तांदूळ का नको, हे धारवाडच्या सप्तापूर भागातून आलेल्या दीपश्रीबाईंनी विचारलं तेव्हा चंद्रभागा भाकरी थापत होती. दीपश्रीबाईंची संस्था होती. गरिबांच्या रेशनसाठी त्या सरकारकडे अर्ज करायच्या, साहेबांना भेटायच्या, गावोगाव फिरायच्या. या भागातल्या लोकांना तांदळाऐवजी जोंधळा मिळावा, ही मागणी घेऊन त्या दोन वर्षं फिरत होत्या. त्या पाटावर न बसता सारवलेल्या जमिनीवर बसल्या होत्या आणि धुरानं डोळे चोळत होत्या.

उत्तर दिलं ते चंद्रभागेच्या नवऱ्यानं, लक्ष्मणनं. तो उंबऱ्यावर बसून कोयत्याला धार लावत होता.

"भात पोटात बसतोय, बाई. भाकरी पोटात उभी राहतीया." त्यानं कोयता उजेडाकडे धरून पाहिला. "उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढायची म्हणजे आत काहीतरी उभं लागतंय."

"तांदळाची भाकरी?"

"केली होती की," चंद्रभागा म्हणाली. "गार झाली की चामडं. रानात दुपारी ती चावायला यांच्या तोंडात दात कुठले?"

"दात गेले तेही हिच्याच भाकरीनं," लक्ष्मण म्हणाला.

भाकरी तव्यावरून निघून निखाऱ्याला उभी राहिली आणि टम्म फुगली. चंद्रभागेनं ती दीपश्रीबाईंच्या हातात दिली. ताट मागेपर्यंत थांबायची तिची पद्धत नव्हती. बाईंनी गरम भाकरी या हातातून त्या हातात टाकत खाल्ली, सगळी, नुसत्या मिरचीच्या ठेच्याशी. मग म्हणाल्या, "अक्का, हे जे आत्ता बोललात ना, ते धारवाडात येऊन बोलाल? साहेबांच्या समोर?"

"मी काय बोलू? मला कुठं बोलायला येतंय?"

"खरं तेवढं बोला. बाकी काही नको."

जनसुनावणी धारवाडच्या एका मोठ्या सभागृहात होती. चंद्रभागा लग्नातलं हिरवं लुगडं नेसून गेली. साहेबांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तिनं फडक्यात चार भाकऱ्या बांधून घेतल्या. व्यासपीठावर साहेब लोक ओळीनं बसले होते. वर पंखे फिरत होते आणि त्यांचा वारा खाली पोचत नव्हता. तिचं नाव पुकारलं तेव्हा गाठोडं कुठं ठेवावं ते तिला कळेना. ते काखेत तसंच घेऊन ती माईकपुढे उभी राहिली आणि कन्नडमधून बोलली.

चांगली बोलली. भाताचं आणि भाकरीचं सांगितलं, फळीचं सांगितलं. तान्ह्या पोरीला पाजणारी सून दुपारी गळून जाते, तेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या आपल्यासाठी आहेत हे तिला जरा उशिरा समजलं, आणि मग तिचं तोंड उजळलं.

मधल्या खुर्चीतले साहेब पुढे वाकले. आवाज मऊ होता.

"मग अव्वा, आम्ही देतो त्या तांदळाचं काय करता?"

"बदलून घेतो की, साहेब."

पहिल्या रांगेतून दीपश्रीबाई उठल्या. "सर, हा प्रश्न इथं…"

"त्यांना बोलू द्या. कुठं बदलता, अव्वा?"

"कुठं म्हणजे? आमचा संजीव अण्णा येतोय न्हवं टेम्पो घेऊन! दोनाला एक. सगळी गल्ली घेतीया." साहेबांच्या तोंडावर हसू होतं. ते बघून तिला आणखी सांगावंसं वाटलं. "साहेब, त्याला तुम्ही काहीतरी बक्षीस द्या. शिगोशीग माप देतोय. एवढ्या वर्षांत कधी फसवलं न्हाई."

सभागृह हसलं. चंद्रभागाही हसली. दीपश्रीबाई मात्र उभ्याच होत्या, आणि त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. जागेवर परत आल्यावर चंद्रभागेनं त्यांना विचारलं, "बरं बोलले का?"

"खरं बोललात," त्या म्हणाल्या.

भाकऱ्या साहेबांना द्यायच्या राहूनच गेल्या. परतीच्या बसमध्ये तिनं त्या बाजूच्या बायकांना वाटल्या.

रेशन दुकानात तिनं मशिनवर अंगठा ठेवला तो नेहमीसारखाच लागला, पण दुकानदारानं पडद्याकडे पाहून मान हलवली. कार्ड थांबवलं होतं. वेणूबाईचंही. तिच्यामागे उभ्या असलेल्या प्रत्येकीचं. सरकारी तांदूळ विकणाऱ्यांची चौकशी चालू आहे, चौकशी संपेपर्यंत धान्य नाही, असं दुकानदार म्हणाला. रिकाम्या पिशव्या घेऊन बायका परत निघाल्या. वस्ती दिसायला लागल्यावर वेणूबाईनं विचारलं, "टाळ्या वाजवल्या म्हणं तुला?"

चंद्रभागेनं रिकामी पिशवी काखेत दाबली.

"आता त्याच खायच्या आमी."

संजीवचा टेम्पो रायापूरजवळ अडवून पोत्यांसकट नेला, ही बातमी त्याच आठवड्यात आली. संजीव जामिनावर सुटला म्हणे, पण गल्लीकडे फिरकला नाही. दुपारी रस्त्यावर कुणाचाही हॉर्न वाजला तरी बायका दारातून डोकवायच्या आणि मग चंद्रभागेच्या घराकडे बघून आत जायच्या. नळावर तिची घागर कुणी मागे सरकवत नव्हतं. तिची पाळी आली की बाकीच्या नुसत्या गप्प व्हायच्या. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं, असं तिला वाटायचं.

उसाचा हंगाम भरात होता. थंडी पडली होती आणि पाचटावर सकाळी दव असायचं. चंद्रभागा आणि लक्ष्मण उजाडायच्या आत फडात जायची. ती पाला काढून ऊस सवळायची आणि मोळ्या बांधायची. लक्ष्मण मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचा. वय झालं तरी हे काम त्याला मिळत होतं, कारण फळीवर त्याचा पाय कधी चुकत नसे. आता घरात बाजारातली स्वस्त तांदळाची कणी शिजत होती. मुलगा प्रवीण गोव्यात बांधकामावर होता, तो पाठवायचा त्यात बाजारचा जोंधळा रोजचा पुरत नव्हता. सकाळी कणीची पेज पिऊन निघालेला माणूस दुपारच्या आत रिकामा व्हायचा.

एकदा ऊन चढल्यावर लक्ष्मण फळीच्या मध्यावर थांबला. चंद्रभागेनं खालून पाहिलं. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या, फळीही थरथरत होती, आणि कोण कुणाला हलवतंय ते कळत नव्हतं. त्यानं मोळी टाकली नाही. मोळी टाकली की खालच्या माणसाचं डोकं जातं. तो तसाच मागच्या मागे, पाय चाचपत उतरला आणि मोळीसकट जमिनीवर बसला.

मुकादम धावत आला. तरुण होता, लक्ष्मणला बापासारखा मान द्यायचा. "साकु, मावा, साकु," तो म्हणाला. पुरे झालं, मामा. मग नजर दुसरीकडे वळवून त्यानं सांगितलं, "उद्यापासून बायकांच्यात मोळ्या बांधा."

लक्ष्मणनं डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली, नीट घडी घातली आणि कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी तो बायकांच्या ओळीत, चंद्रभागेच्या शेजारी बसून उसाच्या वाढ्यानं मोळी बांधू लागला. पलीकडून वेणूबाईनं ते पाहिलं. टोमणा मारायला तिचं तोंड उघडलं होतं, पण ते तिनं तसंच मिटलं.

चंद्रभागा रूपाला आणि पोरीला घेऊन सप्तापूरला गेली. संस्थेची खोली एका छापखान्याच्या वर होती. दीपश्रीबाई त्यांच्याआधीच दोनदा साहेबांना भेटून आल्या होत्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यांनी रूपाला खुर्ची दिली, पोरीला बिस्किट दिलं, आणि काही न लपवता सांगितलं.

"दोन वाटा आहेत, अक्का. एक म्हणजे लढायचं. माणसाला खाता येत नाही ते धान्य द्यायचं, आणि त्यानं बदलून घेतलं की गुन्हेगार ठरवायचं, हे चूक आहे. कोर्टात हे आपण मांडू. मला वाटतं, जिंकूही. पण वेळ लागेल."

"किती?"

"सांगता येत नाही."

"तवर गल्लीनं काय खायचं?"

"तुमच्या घराचं धान्य संस्था देईल."

"गल्लीचं?"

खालून छपाईच्या यंत्राचा ठोका येत होता.

"दुसरी वाट काय?" रूपानं विचारलं.

"दुसरी…" बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "अक्कांनी सांगायचं, की मी तांदूळ कधी बदललाच नाही. आम्ही भातच खातो. तिथं जे बोलले ते खोटं होतं. सगळ्या गल्लीवरची चौकशी त्या एका बोलण्यावर उभी आहे. ते मागे घेतलं की चौकशी मिटवायला साहेब तयार आहेत. एक इन्स्पेक्टर घरी येऊन जेवणाच्या वेळेला बघेल, आणि जबाब घेईल."

"आणि तुमचा जोंधळा?"

"कुठला?"

"सरकारकडं मागत हुतासा तो."

"तुम्ही भातच खाता असं ठरलं," बाई म्हणाल्या, "तर मग जोंधळा कशाला मागायचा?"

चंद्रभागेनं पोरीच्या हातातला बिस्किटाचा चुरा झाडला. बराच वेळ झाडत राहिली.

"तुमी म्हणाला होता, खरं तेवढं बोला."

"हो."

"मग आता खोटं तेवढं बोलते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून बाईंना मान वर करवेना.

इन्स्पेक्टर येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी दीपश्रीबाई स्कूटरवरून आल्या. घर नजरेखालून घालताना त्या चुलीपाशी थांबल्या. भिंतीला तवा टेकलेला होता. मधोमध खोलगट झालेला, कडा पातळ झालेला. त्याच्याशेजारी पीठ मळायची लाकडी काटवट.

"हे इथं नको, अक्का."

"तवा?"

"भात खाणाऱ्याच्या घरात एवढा झिजलेला तवा…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

शेजारी ठेवायला दिला असता, पण वेणूबाईशी बोलणं नव्हतं. चंद्रभागेनं तवा उचलला. तिची सासू वारली तेव्हा सुतकात तो चुलीवर चढला नव्हता, तरी घरातच होता. घराबाहेर कधी गेला नव्हता. तिनं तो जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला, काटवटीत ठेवला, आणि काटवट बाईंच्या हातात दिली. स्कूटरवर पायापाशी ती कशीबशी बसली. वळणावर तवा काटवटीत खणखणला तो घरापर्यंत ऐकू आला. दारातून गल्लीनं पाहिलं.

इन्स्पेक्टर दुपारी आला. पोरगेलासाच होता. कपाळावर घाम, बुटांवर लाल माती. बरोबर दीपश्रीबाई होत्या. चंद्रभागेनं बाजारातून आणलेल्या तांदळाचा भात केला होता, वर पातळ आमटी. लक्ष्मण पानावर बसला. त्याच्यापुढे भाताचा ढीग वाढलेला होता आणि तो बोटांनी त्याचे लहान लहान गोळे करत होता.

"रोज भातच?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"भातच, साहेब."

"सकाळी?"

"भात."

"रानात नेताना?"

"भातच की."

त्यानं लिहून घेतलं. मग मान वर केली. "मग सुनावणीत तसं का बोललात, अव्वा? शंभर माणसांनी ऐकलंय."

याचं उत्तर ठरवायचं राहून गेलं होतं. चंद्रभागेनं लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला. लक्ष्मणचा घास हातात थांबला.

"आम्ही शिकवलं होतं," दीपश्रीबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आमच्या संस्थेनं. काय बोलायचं ते मी त्यांना पाठ करून दिलं होतं. त्यांचा दोष नाही."

"असं लिहू का मी, मॅडम? तुमच्या नावासकट?"

"लिहा."

रूपाची पोर जमिनीवर सांडलेलं एक शीत उचलून तोंडात घालत होती. लिहून झाल्यावर त्यानं जबाब वाचून दाखवला आणि चंद्रभागेनं अंगठा दिला. मग तिनं सवयीनं म्हटलं, "साहेब, जेवणाच्या वेळेला आलासा. दोन घास खाऊन जावा."

तो नको म्हणेल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यानं बूट काढले, हात धुतले आणि लक्ष्मणच्या शेजारी मांडी घालून बसला. रूपानं भात वाढला. त्यानं आमटी कालवली, एक घास घेतला आणि चुलीकडे पाहिलं.

"भाकरी असली तर अर्धी द्या, अव्वा," तो म्हणाला. "मी अण्णिगेरीकडचा. धारवाडात खोली करून राहतो. मेसचा भात खाऊन कंटाळा आलाय. घरची भाकरी बघून महिना झाला."

चंद्रभागेनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो परीक्षा घेत होता की खरंच त्याला भूक होती, हे तिला ओळखता येईना. तोंड पोरासारखंच होतं. प्रवीण गोव्याहून आला की चुलीकडे असाच बघायचा. दारात भाकरी मागायला आलेल्या माणसाला तिनं आजवर नाही म्हटलं नव्हतं. वेडा आला तरी, भिकारी आला तरी, घरात अर्धीच असली तरी तिनं चतकोर दिली होती.

"आमच्यात भाकरी करत न्हाईत, साहेब," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. चुलीमागच्या भिंतीवर तव्याच्या आकाराचा गोल डाग होता, वर्षानुवर्षं तवा टेकून काळा झालेला. त्याची नजर त्या डागावर गेली, थोडी थांबली, आणि परत पानावर आली. त्यानं भात संपवला. एक शीतही ठेवलं नाही.

गल्लीची कार्डं सुरू झाली. दुकानातून परत येताना बायका बोलत होत्या, आणि चंद्रभागेच्या डोक्यावरचं ओझं खाली घ्यायला वेणूबाईनं हात लावला. "माझ्या तोंडाला हाड न्हाई बघ," ती म्हणाली. "मनात धरू नको." चंद्रभागा म्हणाली, "धरून काय करू?"

पोतं दाराच्या आत भिंतीला टेकून उभं राहिलं. दुपार झाली, तिसरा प्रहर झाला. हॉर्न वाजला नाही.

दीपश्रीबाई काटवट परत घेऊन आल्या तेव्हा हंगाम संपत आला होता. जोंधळ्याच्या मागणीचं साहेबांनी काय केलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि घरात कुणी विचारलं नाही. पुढच्या सुनावणीला संस्थेला बोलावणार नव्हते, एवढं त्यांच्या बोलण्यातून कळलं. चंद्रभागेनं लुगड्याचा तुकडा सोडला. तवा घासलेला होता. साबणानं, तारेच्या घासणीनं. वर्षानुवर्षांचा तेलाचा काळा थर गेला होता आणि उघड्या लोखंडावर तांबूस गंज धरला होता.

"स्वच्छ करून आणला," बाई म्हणाल्या.

"बरं केलंसा."

चंद्रभागेनं तळहातावर थोडं तेल घेतलं आणि तव्यावर गोल गोल चोळत राहिली. हात तांबडा झाला. बाई जायला उठल्या तेव्हा तिनं विचारलं, "आता जोंधळ्याचं कोण बोलंल?"

"दुसऱ्या गावात कुणीतरी भेटेल."

"भेटली तर तिला सांगा," चंद्रभागा म्हणाली, "बाई, सगळं बोल. पर कुणाचं नाव घेऊ नको म्हणावं. चांगलं म्हणायला सुदीक न्हाई."

स्कूटरचा आवाज रस्त्याला लागून विरला. चंद्रभागेनं तवा भिंतीवरच्या त्या काळ्या डागाला टेकवून ठेवला. तो नीट बसला. मग रूपानं चूल पेटवली, पोत्याचं तोंड सोडलं, आणि भातासाठी आधण ठेवलं.